सासूबाईंचं उघडं तोंड

गल्लीत तिला सगळे चिखलवहिनी म्हणतात, आणि हे नाव तिला इतकं चिकटलंय की खरं नाव विचारलं तर तिच्या नवऱ्यालाही क्षणभर आठवावं लागतं. तिशी उलटल्यावर ती मातीकाम शिकायला गेली. तिथे चाकावर बसवलं तर म्हणाली, "हे फिरतं आणि त्याच्यामागे माझं डोकंही फिरतं. मला आपले नुसते हात पुरेत." तेव्हापासून मातीच्या लांबलचक वळ्या करायच्या, एकीवर एक रचायच्या, बोटांनी सांधायच्या आणि त्यातून किटल्या, रांजण नाहीतर शेजारीपाजारी उभे करायचे, हा तिचा उद्योग. कोपऱ्यावरच्या शिंप्याचं नाक तिने एका किटलीला तोटी म्हणून लावलं. शिंपी ती किटली दुकानात मिरवतो. म्हणतो, "नाक माझं, पण गळतं ते वहिनींमुळे."

घरात मात्र मातीने उच्छाद मांडलेला. स्वयंपाकघरातलं लाटणं मातीचे तक्ते लाटायला गेलं ते तिकडचंच झालं. नवरा दातांचा डॉक्टर, त्याच्या बोथटलेल्या कोरण्या हिच्या टेबलावर. आणि सासूबाईंनी इतक्या वर्षांत तिच्या एकाही भांड्याला बरं म्हटलेलं नाही. "छान वाळलंय," असं एकदा म्हणाल्या खऱ्या, पण दोरीवरच्या चादरीकडे बघून.

शेवटी वहिनी इरेला पेटली. सासूबाईंचाच पुतळा करायचा, खुर्चीत बसलेला, डोक्यापासून पायापर्यंत अख्खा. आता तरी बाईंच्या तोंडून एक चांगला शब्द काढायचाच.

सासूबाई नाही नाही म्हणत रोज वेळेआधी येऊन बसू लागल्या, तेही ठेवणीतली साडी नेसून.

"हे पोट कुणाचं लावलंयस?"

"तुमचंच, आई."

"माझं बसल्यावर दिसतं. उभी राहिले की नसतं."

"पण तुम्ही बसलाय ना."

"आणि आतून मी पोकळच?"

"पोकळच ठेवावं लागतं. भरीव ठेवलं तर भट्टीत तडकतं."

"बरं. बाहेर सांगत सुटू नकोस."

मानेच्या आत वहिनीने मातीचा एक आडवा पडदा घातला, डोक्याचं ओझं पेलायला. त्यामुळे डोक्यातली हवा कोंडली. तिला वाट म्हणून ओठ जरासे उघडे ठेवून मधे भोक पाडलं. ते बघून सासूबाई ताडकन उठल्या.

"मी काय सारखी बडबडत असते?"

नवरा खिडकीबाहेरचं झाड निरखू लागला. वहिनी भोकाचं कारण सांगायला गेली, पण ऐकायला सासूबाई होत्याच कुठे? त्या फणकाऱ्याने आपल्या खोलीत गेल्या होत्या.

पुतळा प्लॅस्टिकखाली सावकाश वाळला. मग शिंपी, नवरा आणि वहिनी यांनी तो जुन्या रजईत गुंडाळून परसातल्या शेडमधल्या भट्टीत सरकवला. पाठमोराच आत गेला, तोंड मागच्या भिंतीकडे. वहिनीने रजई ओढून घेतली आणि अगदी मंद आच लावली.

थोड्या वेळाने सासूबाई शेडच्या दारात. या शेडमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"काय गं, ते तोंड उघडं कशाला ठेवलं होतंस?"

"हवा जायला, आई."

"आणि नसतं ठेवलं तर?"

"डोकं फुटलं असतं."

"थोडंसं?"

"चांगलं ठिकऱ्या ठिकऱ्या."

सासूबाईंनी पदराशी चाळा केला. "समज, कुणी ओल्या मातीने ओठ मिटवले. नीट, सुबक मिटवले. तू बाजारात गेली असताना."

वहिनीने आधी भट्टी बंद केली आणि मगच हसायला सुरुवात केली. हसता हसता ती रजईवरच बसली. आत अजून नुसतं कोमट होतं. शिंप्याला आणि नवऱ्याला हाक मारून तिघांनी पुतळा पुन्हा बाहेर घेतला. ओठ खरोखरच सुबक मिटवले होते, सांधा शोधून सापडेना.

वाळलेली माती बिस्किटासारखी ठिसूळ. वहिनीचे हात अजून हसण्याने हलत होते, म्हणून बारीक कोरणी नवऱ्याने घेतली. पुतळ्यापुढे वाकून तो सवयीने म्हणाला, "आ करा."

शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंनी आ केला.

शिंप्याला बाहेर जाऊन भिंत धरावी लागली.

ओठ मोकळे होऊन पुतळा पुन्हा भट्टीत गेला आणि भट्टी थंड झाल्यावर निघाला तो धडधाकट, फक्त अंगाने थोडा आटलेला. वहिनी श्वास धरून उभी. सासूबाई त्याच्याभोवती फिरल्या, पोटावरून हात फिरवला, ओठांपाशी कान नेला.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. त्या दिवशी दोरीवर एकही कपडा नव्हता. "आता हात धू आणि त्या खुर्चीत बस."

"कशाला?"

"ओठ मला जमतात, ते तू पाहिलंसच. बाकीची सून करायला कितीसा वेळ लागणार?" असं म्हणत त्यांनी पदर खोचला आणि मातीच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला.