पॅनलवरच्या मुंगवड्या

भाव नव्हता, म्हणून आत्याच्या घाटंजीकडच्या घरात कापूस आढ्यापर्यंत भरून पडला होता. त्यात कंदील कोण लावणार? सगळं घर सोलरच्या एका दिव्यावर. तोही विझला, तेव्हा मिस्त्री आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यानं बॅटरीतलं पाणी पाहिलं, इन्व्हर्टरला कान लावला. "बॅटरी उपाशी हाये," म्हणत तो गोठ्याच्या छपरावर चढला. पॅनलभर आत्याच्या मुंगवड्या वाळत होत्या!

तो हसला नाही, रागावलाही नाही. "काकू, ऊन त एकच हाये. वड्याइले द्या, नाही त बॅटरीले द्या."

मग डोक्याचा दुपट्टा कौलांवर अंथरून त्यानं एकेक वडी त्यावर मांडली.

संध्याकाळी दिवा लागला. दुपट्टा अजून वड्यांखालीच होता. भर दुपारी तो उघड्या डोक्यानंच गेला होता.