बाहेर बसू, पण जाणार नाही

निवृत्त होऊन वर्ष उलटलं, तरी चर्चमध्ये सगळे त्यांना कंडक्टरबाईच म्हणत. तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडून त्यांचा उजवा अंगठा किंचित वाकला होता आणि आवाज असा, की डुलक्या घेणारा प्रवासी खडबडून उठून बसावा. नवरा आधीच गेलेला, लेक सासरी. भिंतींकडे बघत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांनी त्यांना काम दिलं: आजारी, एकट्या माणसांच्या घरी जायचं, दोन शब्द बोलायचे, प्रार्थना करायची. चार घरं सोपी होती. पाचवं ऑर्गनबाईंचं.

ऑर्गनबाईंनी चाळीस वर्षं चर्चचा ऑर्गन वाजवला. मग संधिवातानं बोटं आखडली आणि त्यांच्या जागी एक कॉलेजातली मुलगी बसली. तेव्हापासून बाईंच्या जिभेला हाड उरलं नव्हतं. त्यांना भेटायला जाणाऱ्या तिघी एकेक करून पळाल्या होत्या.

पहिल्या भेटीत कंडक्टरबाईंनी मनापासून प्रार्थना केली. आमेन म्हणून डोळे उघडले, तर ऑर्गनबाई म्हणाल्या, "ही प्रार्थना होती होय? मला वाटलं, तू स्टॉपची नावं घेतेयस."

कंडक्टरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी उंबऱ्यातून वळून त्या म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी चार वाजता येते."

"मी दार उघडणार नाही."

"मग जिन्यावर बसते."

आणि बसल्या. दोन बुधवार जिन्यावर बसून त्यांनी मोठ्यानं स्तोत्रं वाचली. शेजारणी कठड्यावरून डोकावून गेल्या. तिसऱ्या बुधवारी आतून आवाज आला, "अगं, निदान श्वास तरी योग्य जागी घे!" आणि दाराची साखळी निघाली.

हा धीर त्यांच्या अंगात जन्मजात होता असं कुणी समजू नये. बुधवारी संध्याकाळी त्या भांडी आपटत घासायच्या आणि म्हणायच्या, "प्रभू, या बाईला तूच घडवलंस ना? त्या दिवशी जरा घाईत होतास का?"

मग एका रविवारी उपासनेत, गीताच्या तिसऱ्या कडव्याला मुलीचे सूर घसरले. ऑर्गनबाई पहिल्या रांगेतून ताडकन उठल्या. "बंद कर! गाण्याचा गळा दाबतेयस तू!" मुलगी रडत मागच्या दारानं निघून गेली.

मंगळवारी चर्चच्या पंचांची बैठक बसली. सहा महिने ऑर्गनबाईंनी उपासनेला यायचं नाही, असं पत्र तयार झालं. अध्यक्षांनी कंडक्टरबाईंना बोलावून ते त्यांच्यापुढे सरकवलं. "उद्या तुम्ही जाताच आहात. देऊन या."

"नाही देणार."

"अहो, चार वर्षं सहन केलंय आम्ही. मंडळीत शिस्त नको?"

"हवी ना. बोलवा त्यांना, तोंडावर खडसवा. ती पोर रडली, माझंही रक्त उसळलंय. पण दार लावून घेणं ही शिस्त नव्हे, ती तुमची सुटका आहे. गोड बोलणाऱ्यांवर माया करायला चर्च कशाला लागतं?"

"मग भेटींचं काम तुमच्याकडे राहणार नाही."

"काढा यादीतून नाव. बुधवार माझा आहे, तो काही तुमच्या कपाटात नाही."

पाळकसाहेब खाली मान घालून टेबलाकडे बघत राहिले. अध्यक्षांच्या बोलण्यापेक्षा ते बाईंना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑर्गनबाईंनाही सोडलं नाही. "त्या पोरीची माफी मागायची."

"सूर चुकला होता."

"होता. पण तुमची बोटं काही तिनं आखडवलेली नाहीत."

ऑर्गनबाईंनी हात हळूच शालीखाली घेतले. कंडक्टरबाईंना वाटलं, घाव जरा खोलच गेला. पण शब्द त्यांनी मागे घेतले नाहीत आणि उठूनही गेल्या नाहीत. ऑर्गनबाई म्हणाल्या, "जा आता."

"जाते. रविवारी साडेआठला न्यायला येते."

शनिवारी ते पत्र टपालानं येऊन पडलं. तरी रविवारी दोघी निघाल्या. चर्चच्या दारावरच्या माणसानं ओशाळून हात आडवा केला. "बाई, मला तसं सांगितलंय..."

"तुझा दोष नाही, बाबा. आम्ही बाहेर बसू. पण जाणार नाही."

खिडकीखाली वऱ्हांड्यात एक मोडकळीला आलेला बाक होता. तिथून सगळं ऐकू यायचं. आत सूर चुकला की ऑर्गनबाई नाकानं श्वास ओढायच्या आणि कंडक्टरबाई त्यांना कोपर मारायच्या. येणारे-जाणारे मान खाली घालून जात. दुसऱ्या रविवारी पाऊस तिरपा आत येत होता. एका छत्रीत दोघी बसल्या, दोघींचाही एकेक खांदा भिजला.

तिसऱ्या रविवारी प्रभुभोजनाचा विधी होता. आतल्या सगळ्यांना वाटून झालं आणि पाळकसाहेब भाकर नि द्राक्षरसाचा प्याला घेऊन दाराकडे चालू लागले. अध्यक्ष अर्धवट उठले. "साहेब..." पाळकसाहेब थांबले नाहीत. बाकापाशी येऊन ते कंडक्टरबाईंना हलक्या आवाजात म्हणाले, "मी त्या दिवशी बोलायला हवं होतं."

"हो, हवं होतं," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच त्यांना भयंकर राग येत होता.

ऑर्गन थांबला होता. मुलगी दारात येऊन उभी राहिली. ऑर्गनबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि दाढ उपटावी तसा एकेक शब्द काढला. "त्या दिवशी ओरडले, ते वाईट केलं मी." मग राहवेना. "पण तिसरं कडवं घाईत घेऊ नकोस."

"मला घाई नव्हती," मुलगी म्हणाली. "तुमची भीती होती."

ऑर्गनबाईंनी बाकावर सरकून तिच्यासाठी जागा केली. असं पहिल्यांदाच घडत होतं.

पुढच्या रविवारी दारावरचा हात आडवा झाला नाही. ऑर्गनबाई काही मधाळ झाल्या नाहीत. पाळकसाहेबांचं प्रवचन लांबलं हे त्यांनी त्याच दिवशी त्यांना ऐकवलं. अध्यक्ष मात्र कंडक्टरबाईंना गाठून हसत म्हणाले, "जिंकलात की हो!"

"शर्यत कुठे होती?" बाई म्हणाल्या. "ते पत्र तुम्ही मागे घ्यायचंय. लेखी. तुमच्यासाठीही मी थांबू शकते."

अध्यक्षांनी ते अजून मागे घेतलेलं नाही. बाई दर रविवारी विचारतात.