जिला मी वॉर्डाबाहेर काढायला सांगितलं

देवाच्या कृपेचे अनुभव मी पुष्कळ ऐकले आहेत. ऐकताना बहुतेक वेळा माझ्या मनात हेच यायचं की सांगणाऱ्याने मधलं काहीतरी गाळलं आहे. म्हणून स्वतःचा अनुभव लिहिताना मी काही गाळणार नाही, विशेषतः जिथे माझी लाज आहे ते तर नाहीच.

रोह्यातल्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळते. आलेल्या मालाचं सील बघायचं, वजन बघायचं, लेबलवर लिहिलंय तेच आत आहे का बघायचं आणि मगच आत घ्यायचं, हे माझं काम. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. लग्नानंतरच्या बारा वर्षांत मला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा व्हायच्या आत सगळं संपलं. पहिल्या वेळी सासूबाईंनी रोह्याच्या ग्रामदैवताला, धावीर महाराजांना नवस बोलला होता, दुसऱ्या वेळी मी स्वतः बोलले होते. त्यानंतरही मी देवळात जात राहिले, पण नमस्कार करून झाला की उभी राहून नुसती बघत असे. एकदा खराब माल दिलेल्या माणसाकडे आपण पुढच्या खेपेला बघतो, तशी. एक्केचाळिसाव्या वर्षी पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी नवस बोलले नाही आणि पुढे कळल्यावर सासूबाईंनाही बोलू दिला नाही. नवरा आणि डॉक्टर सोडले तर पाच महिने कोणाला काही सांगितलंही नाही.

आम्ही रोह्याजवळ वरशाला राहतो. मी रोह्यातच बाळंत होणार होते, पण आई ऐकेना. "एक्केचाळीस असो नाहीतर एकवीस, पहिलटकरीण ती पहिलटकरीण," असं म्हणून तिने मला पेणला, रामवाडीच्या घरी आणलं. आमच्या घरात आणखी एक रीत आहे. पहिल्या बाळंतपणाला दवाखान्यात निघताना माहेरची हिरवी साडी नेसायची आणि खाली हिरवाच परकर घालायचा, दोन्ही कोरं, पाण्यात न घातलेलं. त्या सकाळी कळा सुरू झाल्या तेव्हा आईने ते घडीचं कापड पुढे केलं. रिक्षा दवाखान्यात पोचेपर्यंत घामाने माझ्या तळव्यांना हिरवा रंग लागला. मी आईला हात दाखवले. ती म्हणाली, "लागू दे. शुभ असतो." मी म्हटलं, "शुभ नाही, कच्चा आहे."

वॉर्ड चार खाटांचा होता. एका खाटेवर आदल्या दिवशी बाळंत झालेली मुलगी गाढ झोपली होती, दोन रिकाम्या होत्या, चौथी माझी. साडी सोडून मी दवाखान्याचा झगा घातला, परकर आत तसाच ठेवला. डॉक्टरांनी तपासलं, बाळाचे ठोके चांगले आहेत, वेळ लागेल म्हणाल्या. नवरा कंपनीत पहिल्या शिफ्टला होता, त्याला फोन केला. आई पेज आणि गरम पाणी आणायला घरी गेली आणि मी एकटी राहिले. तेव्हा माझं लक्ष समोरच्या रिकाम्या खाटेशेजारी बाकावर बसलेल्या बाईकडे गेलं.

साठीची असावी. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, पायांच्या टाचा मिठाने खाल्लेल्या, मांडीवर कापडी पिशवी. खाडीकडची, मिठागरातली बाई असणार हे दिसत होतं. पण तिच्याजवळ पेशंट नव्हता. ती पंख्याखाली बसून सगळीकडे बघत होती. माझ्या खाटेकडे, माझ्या पिशवीकडे, त्या झोपलेल्या मुलीच्या बाळाकडे. मी पर्स उशीखाली सरकवली. थोड्या वेळाने ती उठून आली आणि पिशवीतून डबा काढून म्हणाली, "तांदलाची भाकर हाय, खा गो थोरी. अंगात जीव नको?" मी नको म्हटलं. ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा, जरा जोरात, नको म्हटलं. खाण्यातून गुंगीचं देऊन दागिने काढून नेल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकलेल्या असतात. ती डबा बंद करून पुन्हा बाकावर जाऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मीही तिच्याकडे बघत राहिले. मध्ये कळ आली की डोळे मिटत होते, तेवढंच.

तास-दीड तासाने मला एकदम ओलं लागलं. मी भिंत धरत न्हाणीघरात गेले. पाणी गेलं होतं. परकर चिंब, आणि त्यावर हिरवट काळपट डाग. पायांवरही तसेच ओघळ होते. मी मनात आईच्या कोऱ्या कापडाला शिव्या दिल्या, परकर सोडून बादलीत टाकला, पाय पुसले आणि बाहेर येऊन सिस्टरना सांगितलं की पाणी गेलं. त्यांनी बरोबर तोच प्रश्न विचारला, जो विचारायला हवा होता. "पाणी कसं होतं? रंग होता का काही?" मी म्हटलं, "पाणी स्वच्छ आहे. परकर नवा आहे, त्याचा रंग गेलाय." माझे हिरवे तळवेही दाखवले. मी इतक्या खात्रीने बोलले की त्यांनी मान डोलावली. चूक दवाखान्याची नव्हती. लेबल मी लावलं होतं.

मग मी हळूच विचारलं, "सिस्टर, ती बाई कोणाबरोबर आहे?" सिस्टरनी रजिस्टर चाळलं, बाकाकडे बघितलं. म्हणाल्या, "तिचं कोणी पेशंट नाही इथे." माझा संशय खरा ठरला होता. मी स्पष्ट सांगितलं, "मग तिला बाहेर काढा. इथे तान्हं बाळ आहे, माणसं झोपलेली आहेत." सिस्टर गेल्या, तिच्याशी बोलल्या. ती बाई उठली. भांडली नाही. "जाते गो बाय, पानी भरून घेते नि जाते," म्हणाली आणि बाटली घेऊन न्हाणीघरात शिरली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बाटली नव्हती. माझा परकर होता.

मी किंचाळलेच. बाळंतिणीच्या अंगावरचं कापड पळवून काय काय करणी करतात, हे मी एरवी हसण्यावारी नेते. त्या वेळी मात्र हसू आलं नाही. "ठेव तो खाली! सिस्टर, माझा परकर घेतला तिने!" ती माझ्याकडे बघतही नव्हती. तिने परकर सिस्टरच्या नाकासमोर धरला. "ह्यो रंग कापडाचा नाय."

सिस्टर म्हणाल्या, "अहो मावशी, नवा परकर आहे. ताईंनीच सांगितलंय, रंग गेला म्हणून."

"ताईला काय ठावं? तिची पयलीच येल हाय. कापडाचा रंग पान्यात पसरतं, ह्ये वर बसलंय. हात लाव, बुळबुळीत लागतं का नाय? मिठागरात जल्म गेला माजा, पानी कशानं हिरवं झालं त्ये मना सांगू नको. पोर आत हागलंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माजे भनीचा पयला असाच गेला."

सिस्टरनी हातमोजा घालून डागावर बोट फिरवलं. मला आडवं करून स्वच्छ पांढऱ्या कापडाची एक घडी ठेवली, कळ येऊन गेल्यावर काढून उजेडात धरली. आता मध्ये परकर नव्हता, पाय पुसलेले होते, आणि तरी घडी हिरवी होती. त्यांनी ठोक्यांचं यंत्र पोटावर लावलं. सकाळी ऐकलेले ठोके भरभर चालले होते. हे दर कळेबरोबर मागे पडत होते आणि कळ गेली तरी लवकर वर येत नव्हते. डॉक्टर धावतच आल्या. बाळाला आत त्रास होतोय, वाट बघता येणार नाही, लगेच सिझर करावं लागेल, असं थोडक्यात सांगून त्यांनी कागद पुढे केला. आई यायची होती, नवरा वाटेत होता. मी साध्या पावतीचीसुद्धा मागची बाजू वाचणारी बाई. तो कागद मी न वाचता सही करून परत दिला.

मला नेताना ती बाई स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत चालत आली. "जा गो, मी हाय हितं," म्हणाली. काही गाळणार नाही असं म्हटलंय, म्हणून सांगते. त्याही क्षणी माझ्या मनात आलं, पर्स उशीखाली राहिली.

कमरेत सुई दिल्यावर खालचं शरीर माझं राहिलं नाही. समोर हिरवा पडदा होता. त्याच्यापलीकडे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं आणि विचारायचं सुचत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं की तपासायला माझ्या हातात काही नव्हतं. जे मी तपासलं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी बघून स्वतःच्या तोंडाने पास केलं होतं, तेच खोटं निघालं होतं. मग ज्यांच्यावर मी इतकी वर्षं डोळा ठेवून होते, त्या धावीर महाराजांशीच बोलले. नवस नव्हता तो, कारण द्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "मला कळत नाही. तुला कळतं. तूच बघ." पोट हलकं झाल्याचं जाणवलं. कोणीतरी म्हणालं, "मुलगी." पण रडणं आलं नाही. नळीने ओढल्याचा आवाज येत होता, माणसं हळू आवाजात बोलत होती. मी काय झालं असं विचारलं नाही. घाबरले नव्हते असं नाही, पण एकदा दुसऱ्याच्या हाती दिल्यावर मध्येच हिसकावून घेऊ नये एवढंच डोक्यात होतं. किती वेळ गेला माहीत नाही. मग गंजलेली बिजागरी कुरकुरावी तसा एक बारीक आवाज आला, थांबला, आणि पुन्हा आला, या वेळी चांगला रागावून.

मुलगी चार दिवस काचेच्या पेटीत होती. घाण छातीत गेली होती, पण थोडी. आणखी उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाल्या. वॉर्डात परत आणल्यावर मी आईला विचारलं, ती बाई कुठे आहे? ती माझ्या आईजवळ तासभर बसून दुपारच्या गाडीने तिच्या गावी, जित्याला गेली होती. जाताना पर्स आईच्या हातात देऊन म्हणाली होती, "तुजे लेकीची हाय. आत बघून घे, उठल्यावर ती इचारील." त्या तासाभरात आईने तिचं गाव, घर, नातवंडं सगळं विचारून घेतलं होतं, त्यामुळे ती कोण आणि का आली होती ते कळलं. तिची भाची त्या समोरच्या खाटेवर होती. तिला आदल्या संध्याकाळीच घरी सोडलं होतं आणि मावशीला कळवायचं प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलं होतं. भाकरी घेऊन आली तर खाट रिकामी. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून पंख्याखाली बसली होती.

मुलीला तिसरा महिना लागल्यावर मी तिला घेऊन त्या बाईच्या घरी गेले. माफी काय शब्दांत मागायची ते वाटेत ठरवलं होतं. तिने मला लांबूनच ओळखलं आणि ओटीवरून ओरडली, "या, या, फौजदारीण बाय!" घरातल्या सुना हसायला लागल्या, म्हणजे माझी कीर्ती आधीच पोचली होती. माझे ठरवलेले शब्द तिथेच राहिले. मी तिला एवढंच विचारलं, "मावशी, तुम्हाला मी हाकलत होते. तरी तुम्ही बादलीत बघितलंत कशाला?"

ती म्हणाली, "तू सकालधरना माज्यावर डोला ठेवून व्हतीस. मना वाटलं, हीच काय तरी लपवतंय. न्हानीतना आलीस तर झग्याखालचा परकर गायब, नि तोंड उतरलेलं. म्हटलं, बघू तरी काय लपवलंय."

म्हणजे तिनेही माझ्यावर संशयच घेतला होता. मी तिच्याकडे सरळ, प्रेमाने बघितलं असतं, भाकरी घेतली असती, तर ती त्या बादलीत कशाला डोकावली असती? देवाने माझा संशय घालवून मला वाचवलं नाही. माझ्यात जे वाईट होतं तेच त्याने कामाला लावलं, आणि एका बाईला निरोप न पोचल्याची चूकही. याला चमत्कार म्हणायचं की योगायोग, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. आपण त्याच्याकडे जाताना आधी चांगलं व्हावं लागतं, असं मला वाटायचं. तसं काही नसतं. जसे असतो तसे, खोडीसकट त्याच्या हाती असतो. फक्त ते मान्य करायला मला एवढी वर्षं लागली.

मुलगी कुरकुरायला लागली तशी मावशीने दोन्ही हात पुढे केले. मी मुलीला तिच्या मांडीवर दिलं आणि सुनांनी चहाला बोलावलं म्हणून आत गेले. बाहेर मावशी तिला काहीतरी सांगत होती. मी दाराकडे पाठ करून बसले होते, आणि एकदाही वळून न बघता चहा शेवटपर्यंत प्यायले.