घंगाळावरची जोडी

मावला गावच्या उद्धवराव मास्तरांनी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. म्हणजे पोरांना फुलदाण्या काढायला लावल्या आणि त्यांना मडकी म्हणून नावं ठेवली. निवृत्तीनंतर हैदराबादच्या जुन्या बाजारात त्यांना अठराव्या शतकातलं एक डच खोदचित्र सापडलं आणि इतकी वर्षं डुलक्या घेणारा कलावंत खडबडून जागा झाला.

एका कागदावर दोन लंबगोल. एकात मेंढीची लोकर डोक्यावर ओतल्यासारखा केसांचा टोप घातलेले गृहस्थ, दुसऱ्यात झालरीच्या टोपीतली त्यांची बायको. खाली चार ओळींचं कवन. त्या काळी तिकडची मातबर जोडपी तांब्याच्या पत्र्यावर आपले चेहरे कोरून घेत, त्याचे छाप सोयऱ्याधायऱ्यांत वाटत; कवन एखादा कवी मित्र रचून देई.

"म्हंजे गोऱ्यायचा उखाणाच की!" देवकाबाई म्हणाल्या. "आपला जोडीचा एक धड फोटो नाई. लग्नातला होता, त्यातले तुमी उंदरानं खाल्ले."

मास्तरांना एवढं पुरलं. पत्रा हवा म्हणून त्यांनी देवकाबाईंच्या माहेरचं गळकं घंगाळ कापलं आणि ठोकून सपाट केलं. त्या दिवशी भाकर ताटात जरा उंचावरून पडली. शेवटी तह झाला : चित्र मनाजोगं उतरलं तर बैठकीत, नाही तर घंगाळाच्या जागी, न्हाणीत.

छाप उलटा उमटतो, हे मास्तरांना पक्कं ठाऊक. कवनाच्या जागी देवकाबाईंनी रचून दिलेल्या उखाण्याचं अक्षर न् अक्षर त्यांनी आरशात बघून उलटं कोरलं. शाईचा पहिला छाप निघाला, तेव्हा एकही वेलांटी चुकली नव्हती :

माहेरच्या घंगाळाला लावली यांनी आरी,
उद्धवरावांचं नाव घेते, आता बसा घरी.

देवकाबाईंनी चष्मा लावला. "अवो, हे कोन?"

"तूच की!"

"मंग चमकी उजव्या नाकात काऊन? मायी तर डाव्या हाय. तुमी तं मले तेलगू करून टाकलं!"

निर्मल गावाकडची तेलुगू सून भाग्यश्री आपल्या उजव्या नाकपुडीतल्या चमकीवर बोट ठेवून खुदखुदली. "अत्तय्या, आता तुमी आमच्याच!"

मास्तरांचा चेहरा पडला. अक्षरं उलटली होती. बायको उलटवायची राहून गेली होती. एवढ्या संसारात तसं धाडस कधी झालंच नव्हतं.

देवकाबाईंनी कागद उचलला. न्हाणीच्या दाराकडे बघितलं. मग बाई बैठकीत गेल्या आणि कपाटाच्या आरशासमोरच्या खिळ्यावर त्यांनी तो अडकवला. आरशात चमकी डाव्या नाकात लखलखली.

"ज्याले पाह्याचं त्यानं आरशात पाहावं."

"पण मग उखाणा उलटा दिसतो ना," मास्तर कुरकुरले.

"दिसू द्या. तो मले पाठ हाय."