ताहिरा मॅडम आणि शिंगाळ्याचा काटा

डॉ. ताहिरा मुकरींना एक खोड होती. मूल कितीही आजारी असो, त्या घरच्यांना "काय होतंय?" असं कधी विचारायच्या नाहीत. "काल सकाळी उठल्यापासून सांगा," म्हणायच्या. मग आई सुरू व्हायची. दात घासले, चहात खारी बुडवून खाल्ली, शेजारच्या कुत्रीच्या पिल्लांशी खेळला. मॅडम हातानं मूल तपासत असायच्या आणि कानानं ऐकत असायच्या. बाहेर रांग वाढायची आणि लोकांची बोलणी कोण खायचं? मी. "मॅडम, गोष्टी नंतर ऐका," असं मी त्यांना सारखी म्हणायचे. त्यांनी ते मनावर घेतलं नाही आणि मीही म्हणायचं सोडलं नाही.

मी शशिकला, त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून सिस्टर. मॅडम मूळच्या पनवेलच्याच. वडिलांचं आयुष्य कुवेतला गेलं आणि डॉक्टर झालेली लेक तिकडेच यावी अशी त्यांची फार इच्छा. मॅडम गेल्या, तिथलं हॉस्पिटल बघून परत आल्या आणि म्हणाल्या, "अब्बा, सगळं छान आहे. पण तिथल्या आया काय बोलतात ते मला दुभाष्याकडून ऐकावं लागेल." अब्बा रुसले ते बरेच दिवस. मॅडमनी बाजारामागच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर लहान मुलांचं हॉस्पिटल काढलं आणि अत्यवस्थ मुलांसाठी एक खोली वेगळी ठेवली. डबा उभ्यानं खायच्या, चहा कायम गार करायच्या, वर मलाच विचारायच्या, "सिस्टर, हा चहा गार कसा?"

दोन हजार अकराच्या ऑक्टोबरातली गोष्ट. दुपारी एक माणूस मुलीला खांद्यावर टाकून जिना चढून आला. मोरा बंदरावरचा आनंदा कोळी. मागून धापा टाकत त्याची आई, भीमाबाई. मुलगी मालू, नऊ वर्षांची. तिची आई घरी बाळंतीण होती. ही मंडळी खरं तर लाँचनं मुंबईला निघाली होती, पण ओहोटी लागलेली, लाँच बंद. म्हणून कुणाची तरी जीप करून पनवेलला आली. मालूचा डावा पाय गुडघ्यापर्यंत सुजून जांभळा पडला होता आणि त्यावर काळपट फोड आले होते. अंग तापलेलं, हात मात्र गार. हाक मारली तर डोळे उघडायचे आणि लगेच मिटायचे.

खूप मुलं पाहिली होती मी, पण असा पाय पाहिला नव्हता. मॅडमनी ऑक्सिजन लावला, सलाइन जोरात सोडलं, रक्त तपासायला काढलं, जंतूंवरचं नेहमीचं औषध सुरू केलं. रक्तदाब वर येईना. विष अंगात भिनत चाललं होतं आणि ते कुठून शिरलं हेच कळत नव्हतं. मुंबईला हलवावं तर वाटेतच काही होईल अशी तिची अवस्था.

"पायाला काही लागलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"नाय," आनंदा म्हणाला.

"पडली? कापलं? काही चावलं?"

"नाय वो. काय पन लागला नाय," भीमाबाई म्हणाल्या. खोटं बोलत नव्हत्या, हे मी आजही सांगेन.

मग मॅडमनी, हात मालूच्या नाडीवर ठेवून, आपलं नेहमीचंच काढलं. "आजी, काल सकाळी उठल्यापासून सांगा." मला संताप आला. पोरगी हातची चालली आहे आणि यांना गोष्ट हवी.

"उठली, भाकर खाल्ली," भीमाबाई म्हणाल्या. "माझ्यासंगती बंदरावर आली. आमी मासली निवडली. दुपारला घरा आली, जेवली नाय. सांजचा अंग तापला."

सांगताना त्यांचे हात पदराशी चाळा करत होते. मॅडमचं लक्ष त्या हातांवर गेलं. बोटांवर, तळव्यावर बारीक बारीक वण, मोजता येणार नाहीत इतके.

"आजी, हे हाताला काय लागलंय?"

"कुटं काय? मासलीचे काटे हायत ते."

"काल निवडताना मालूला टोचला का काटा?"

"टोचला ना. शिंगाल्यावर पाय परला तिचा. पन काटा टोचला त्याला लागला कोन बोलतो? रोजचाच हाय तो."

मॅडम एकदम ताठ झाल्या. "मग काय केलंत?"

"काय करायचा? आमची रीतच हाय. रगत दाबून काडला, बंदराच्या खाऱ्या पान्यात पाय बुडवला नि लागली परत कामाला."

शिंगाळा या मिशाळ माशाचा काटा खोल जातो, आणि कोमट खाऱ्या पाण्यात एक जंतू असतो, क्वचितच कुणाला धरतो, पण धरलं की मांस कुजवत वर चढतो. हे मॅडमनी मला नंतर समजावलं. तेव्हा त्या फक्त भराभर बोलत होत्या. त्या जंतूवर चालणारं दुसरं औषध जोडलं आणि सर्जनना फोन केला, "उद्या नाही, आत्ता. पाय उघडून साफ करायचाय. थांबलो तर पाय जाईल, आणि पाय गेला तरी मुलगी राहील का सांगता येत नाही."

मालूला ऑपरेशनसाठी आत नेताना भीमाबाईंनी मॅडमचा हात धरला. "डाक्टरीन बाय, पानी मी लावला. मीच मारली का गो पोरीला?"

मॅडमना खोटं बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, "पाणी तुम्ही लावलंत, आजी. आणि ते सांगितलंतही तुम्हीच. त्या सांगण्यावरच आता तिला औषध चाललंय. दुवा करा." भीमाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मी त्यांच्याशेजारी बसले आणि दोघी रडलो.

रक्तात तोच खाऱ्या पाण्यातला जंतू निघाला. पाय दोनदा साफ करावा लागला, पुढे मांडीची कातडी काढून लावावी लागली. मालू किती तरी दिवस आमच्याकडे होती. बरी होत गेली तशी माझ्यावर हुकूम सोडू लागली. पाय वाचला. घरी जाताना लंगडत का होईना, चालत गेली. भीमाबाईंना मॅडमनी एकच गोष्ट शिकवली. काटा टोचला की गोडं पाणी नि साबण, आणि सूज दिसली तर लगेच डॉक्टर.

दिवाळीनंतर मालू आजीबरोबर परत आली. जिना स्वतः चढली, एक एक पायरी मोठ्या तोऱ्यात. भीमाबाईंनी टोपलीतून भला थोरला जिताडा मासा काढला. आमच्याकडे जिताडा देणं म्हणजे केवढा मान. मॅडम इतक्या खूश झाल्या की दोन्ही हातांनी उचलायला गेल्या, आणि पाठीवरचा काटा कचकन अंगठ्यात घुसला.

"काही नाही, काही नाही," ओढणीला अंगठा पुसत मॅडम म्हणाल्या. "काटाच टोचला."

भीमाबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी मॅडमकडे. मालूनं मात्र कुणाची वाट पाहिली नाही. मॅडमचं मनगट धरलं आणि लंगडत त्यांना बेसिनकडे ओढत नेलं.

"काय नाय कसा?" ती म्हणाली. "शशीमावशी, साबन दे."

मी साबण दिला. मालूनं अंगठा चोळ चोळ चोळला, आणि मॅडम मुकाट उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण दुसरा हात मालूनं धरून ठेवला होता, त्यामुळे त्यांना ते पुसता आलं नाही.