दरवर्षी चार बोटं वाढणारा तंबू

धडधाकट घर असताना बायकामुलांना घेऊन बाहेर झोपायचं, आणि ते रीतसर शिकवता येतं, असं मानणारा उभ्या पालघर तालुक्यात एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहायचा. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. बोईसरला कंपनीच्या कॉलनीत खाली आम्ही, वर हे. ते मला वहिनी म्हणायचे, मी त्यांना भावोजी म्हणायचे, आणि हे नातं जुळलं ते पाणी भरण्यावरून. पहाटे नळ यायचा. त्यांची एक बादली भरली की त्यांचं काम संपलं. मग उरलेला वेळ ते जिन्यात उभे राहून माझ्या बादल्या उचलायचे आणि बोलायचे. एकट्या माणसाला पहाटे जे जे बोलायचं असतं ते सगळं मी अकरा वर्षं ऐकलेलं आहे.

एकटे म्हणजे सडेफटिंग नव्हेत हं. बायको होती, मुलगी होती, पण त्या दोघी अमरावतीला. बाई तिथल्या शाळेत शिक्षिका, कायम झालेल्या, त्यात त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. दोन वर्षं असं काढू, मग बघू, असं ठरलं होतं म्हणे. ती दोन वर्षं संपेचनात. उन्हाळ्यात भावोजी पंधरा दिवसांची रजा काढून तिकडे जायचे आणि दहाव्या दिवशी परत यायचे. मी विचारलं तर म्हणाले, "तिथे मी पाहुणा असतो हो वहिनी. मला चांगल्या कपातून चहा देतात."

तर एकदा मुलीचं पत्र आलं. ती तेव्हा नऊ वर्षांची. कुठल्याशा पुस्तकात तिने तलावाकाठच्या तंबूचं चित्र पाहिलं होतं. "बाबा, आपण तिघं असं कधी राहायचं?" एवढंच विचारलेलं. ते पत्र त्यांनी मला जिन्यात तीनदा वाचून दाखवलं आणि उलट टपाली कळवून टाकलं, नाताळच्या सुट्टीत या, इथे तलाव आहे. तलाव होता, खोटं कशाला बोलू, मनोरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी छानसा होता. पण या गृहस्थांनी जन्मात एक रात्र उघड्यावर काढलेली नव्हती. पालीच्या भीतीने स्वयंपाकघरात काठी आपटत जाणारा माणूस. मग त्यांनी ठरवलं, आधी कॉलनीतल्या कुटुंबांना नेऊन बघायचं. आपली माणसं येतील तेव्हा चूक व्हायला नको. म्हणजे आम्ही सगळे त्या दोघींची रंगीत तालीम होतो. हे त्यांनी आम्हाला तोंडावर सांगितलं, आणि गंमत बघा, कुणालाच राग आला नाही.

तंबू शिवायचं माझ्याकडे आलं, कारण शिलाई मशीन माझं. एका मिलमधून डागी कापड मिळालं, जाडजूड, आणि मधेमधे गुलाबी रंगाचे ओघळ. मला तंबू कुठून ठाऊक असणार, मला परकर ठाऊक. दाराचं काय करावं कळेना, तेव्हा मी आपला नेफा शिवला आणि त्यात नाडी ओवून दिली. भावोजींनी गच्चीवर तंबू उभा केला, आत शिरले, नाडी ओढली आणि निरगाठ बसली. पाऊण तास ते आतून "वहिनी, घाबरू नका" असं सांगत होते. घाबरतंय कोण, मी हसून हसून खाली बसले होते. शेवटी आमचे हे पहिल्या पाळीवरून आले आणि त्यांनी बाहेरून फटीत कात्री घालून नाडी कापली. "पुढच्या वेळी ब्लाऊज शिव, त्याला हुक तरी असतात," असं म्हणाले. भावोजी घामाघूम बाहेर आले, वही काढली आणि उभ्याउभ्या लिहिलं: कात्री नेहमी आत ठेवावी.

ती वही म्हणजे एक प्रकरण होतं. वर मोठ्या अक्षरात 'नवशिक्यांसाठी' असं लिहिलेलं, आणि आत प्रत्येक ओळ त्यांच्या स्वतःच्या फजितीतून आलेली. जो आपल्या घराच्या बाल्कनीत एक रात्र कुरकुर न करता झोपेल त्यालाच तलावावर न्यायचं, असा नियम. बायकांना तीन दगडांची चूल मांडता आली पाहिजे, आणि पुरुषांनाही, हे 'पुरुषांनाही' खाली दोन रेघा मारून. पाण्यापासून वीस पावलांवर मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर दोर बांधायचा आणि त्याला डब्यांची झाकणं लटकवायची, पोराचा धक्का लागला की वाजतील अशी. पहिल्या वर्षी ती झाकणं वाजली ती फक्त भावोजींच्या धक्क्याने. पण खरं सांगते, त्यांच्याबरोबर गेलेल्या एकाही मुलाचा पाय कधी एकट्याने पाण्यात पडला नाही. आणि कॉलनीतल्या ज्या बायका नवऱ्याच्या पाळ्यांपायी महिनोन् महिने दाराबाहेर पडत नव्हत्या, त्या तिथे पाय पसरून बसायच्या. त्यात मीही होते.

पहिल्या वर्षी टेम्पोतून पाच कुटुंबं गेलो. मी शिवलेले सहा तंबू, पातेली, कळशा, गोधड्या, पोरं. तंबू उभे करतोय तोच जवळच्या पाड्यावरची एक म्हातारी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन आली आणि थबकली. त्यांची माणसं दिवाळीनंतर अशीच भांडीकुंडी, पोरंबाळं घेऊन वीटभट्टीवर कामाला जातात. तिला वाटलं आम्हीही निघालोय.

"कुठल्या भट्टीवर चालले तुमी?"

"भट्टीवर नाही आजी. असेच राहायला आलोय," भावोजी म्हणाले.

"घर नाय का?"

"आहे की. पक्कं आहे."

"मंग गळतं?"

"नाही गळत."

म्हातारीने आम्हा सगळ्यांकडे नीट पाहिलं. "भांडन झालं काय कुनाशी?"

हौस म्हणून कोणी जमिनीवर निजतं हे काही तिला पटेना. पण कामाला निघालेल्यांना रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत असावी. तिने मोळीतली निम्मी लाकडं सोडून आमच्या चुलीपाशी टाकली, आणि जाताना तंबूकडे बोट दाखवलं. "तोंड पान्याकडं नको करू, बाबा. वारा आत येल." भावोजींनी वही काढली. आमच्या सगळ्यांचे तंबू फिरवले, कडेचा एक रिकामा होता, तो शेवटी त्यांनी एकट्याने फिरवला. तो त्यांचा, बायकोचा आणि मुलीचा. त्यात कोणी झोपायचं नाही. ते स्वतः त्याच्या दाराशी सतरंजी टाकून पडायचे, राखण केल्यासारखे.

त्या वर्षी त्या दोघी अमरावतीहून आल्या नाहीत, मुलीची आजी जास्त आजारी होती. पुढच्या वर्षी मामाचं लग्न. त्याच्या पुढच्या वर्षी शाळेचं गॅदरिंग. दर वर्षी भावोजी दिवाळीनंतर तो कडेचा तंबू काखेत मारून खाली यायचे. "वहिनी, यंदा चार बोटं वाढवा. पोरगी उंच होत असेल." मी पट्टी जोडून द्यायची. दर वर्षी म्हातारीही यायची, चुलीपाशी टेकायची आणि त्यांना विचारायची, "तुझी कुटं हाय?"

"कामाला आहे. लांब."

"पावसाआदी येल," ती म्हणायची. त्यांच्याकडे माणसं पावसाआधी परत येतात, त्यावर तिचा हिशेब. भावोजी मान हलवायचे. पुढे उन्हाळ्यातलं त्यांचं अमरावतीला जाणंही सुटलं. सासूबाईंच्या खाटेपायी तिथे पाठ टेकायला जागा नाही म्हणायचे, नंतर मुलीचं दहावीचं वर्ष आलं. चार वर्षं बापाने लेकीला पाहिलं नाही आणि मी इकडे पट्ट्या जोडत होते.

आणि सातव्या वर्षी त्या आल्या. सासूबाई गेल्या होत्या, मुलगी अकरावीत होती. बाई साध्या, कमी बोलणाऱ्या. मुलगी आईवर गेलेली, गोरी, ठेंगणीशी, नम्र. भावोजींना "तुम्ही बसा ना" म्हणायची, आपणच आपल्या घरी आलेल्या माणसाला म्हणावं तसं. तलावावर तंबू उभा राहिला. ती आत जाऊन आडवी झाली, बघू या म्हणून, तर पायाशी चांगली दीड वीत जागा मोकळी. भावोजी वाकून त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मग त्यांनी तिथे तिची पिशवी आणून ठेवली, वर स्वतःची ठेवली, जागा भरली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि मीही कांदे चिरायला घेतले, तेवढंच डोळ्यांना निमित्त.

संध्याकाळी म्हातारी आली. बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "लई उशीर केलास गं." बाई हसल्या. पण नंतर बराच वेळ त्या चुलीतलं एकच लाकूड आत सारत होत्या.

पुढचं आधीच सांगते, म्हणजे तुम्ही वाट बघत बसणार नाही. त्या दोघी पुन्हा आल्या नाहीत. मुलगी कॉलेजला गेली, मग तिचं लग्न झालं. भावोजींनी आणखी तीन हिवाळे कॉलनीतल्या नव्या नव्या कुटुंबांना नेलं, दर वेळी कडेचा तंबूही लावला, आणि रिटायर झाल्यावर ते अमरावतीला गेले. वरच्या मजल्यावर दुसरं बिऱ्हाड आलं. त्यांना तीन बादल्या लागायच्या, आणि जिन्यात कोणी बोलायचं नाही.

पण तलावावरची दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. मी चहा घेऊन निघाले तर बापलेक दोराच्या अलीकडे पाण्याकडे तोंड करून बसलेले, मधे हातभर अंतर. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही दिवसभर काय करता?"

"आज?"

"नाही, रोज. आम्ही नसतो तेव्हा."

भावोजी म्हणाले, "सकाळी दूध तापवतो. अर्धा लिटर येतं, ते मला जास्त होतं."

"मग?"

"मग उरलेल्याला विरजण लावतो."

"मग?"

"मग दाढी. आरसा खिडकीत ठेवतो, उजेड तिथे बरा येतो."

बाई माझ्या मागे येऊन कधी उभ्या राहिल्या मला कळलं नाही. त्यांनी माझ्या हातातले दोन कप घेतले, पण पुढे काही गेल्या नाहीत. मुलगी दर थोड्या वेळाने "मग?" म्हणत होती आणि ते तिला सांगत होते, काही गाळत नव्हते. आम्ही दोघी तशाच उभ्या. चहा निवून गेला, ऊन पाण्यावर आलं, आणि सांगण्यात भावोजी अजून कामावर निघायला बूटच घालत होते.