गिरणीच्या भिंतीवरचे पाच गोल

देवळाली कॅम्पात आमच्या जुन्या घराला लागून पिठाची गिरणी आहे. तिची रस्त्याकडची भिंत काळ्या रंगाने रंगवून तिचा फळा केलेला आहे आणि त्यावर जिल्ह्याच्या फुटबॉल लीगमधल्या दुसऱ्या गटाचा तक्ता मी लिहितो. अकरा हंगाम झाले. मी आता शहराच्या पलीकडे गंगापूर रोडला राहतो, पण दर रविवारी सकाळी स्कूटरने कॅम्पात येतो, सामना बघतो आणि सामना संपला की खडू घेऊन भिंतीपाशी उभा राहतो.

आमच्या लोकांची एक रीत आहे. जिंकलो तरी भिंतीवर आकडा पडल्याशिवाय ढोल वाजत नाही. कधीतरी कुणीतरी चुकीच्या बातमीवर नाचले होते, तेव्हापासून हे ठरले. ढोलवाला जवळच्या खेड्यातला आहे, कोबी आणि टोमॅटो पिकवतो. ढोल गळ्यात अडकवून तो गिरणीच्या पायरीवर बसतो आणि माझ्या हाताकडे बघत राहतो. मी मागे सरून खडू खिशात टाकला की पहिली थाप पडते. याचा मला थोडा अभिमान होता, हे लपवत नाही.

त्या रविवारी आमचा शेवटचा सामना होता. तक्त्यात वरचे चार संघ प्लेऑफ खेळतात आणि त्यातला जिंकणारा पहिल्या गटात जातो. पहिल्या तिघांचे गुण आमच्या आवाक्याबाहेर होते. चौथ्या जागेसाठी आम्ही आणि घोटीचा संघ. घोटीचे तेरा, आमचे अकरा. आम्ही जिंकायचे आणि त्यांनी जिंकायचे नाही, असा हिशेब.

आमचा गोलकीपर माझा धाकटा भाऊ आहे. वय एकोणचाळीस. एका वर्कशॉपमध्ये फिटर आहे. एकोणीस हंगाम तो याच संघाच्या गोलपोस्टमध्ये उभा राहिला आणि एकदाही पहिल्या गटात खेळला नाही. गुडघा दोन वर्षांपासून गेलेला. डॉक्टरांनी बंद करा म्हणून सांगितले तेव्हा घरात बरेच बोलणे झाले आणि शेवटी माझ्या भावजयीने एक गोष्ट कबूल करून घेतली. प्लेऑफ मिळाला तर तेवढे सामने खेळायचे. नाही मिळाला तर शेवटच्या सामन्यावरून घरी आल्यावर ग्लोव्हज तिच्या हातात द्यायचे. भाऊ शब्द मोडणारा नाही. त्यामुळे त्या सकाळी मैदानावर बाकीच्यांसाठी चौथी जागा होती, त्याच्यासाठी दुसरेच काही होते.

आम्ही दोन-एक जिंकलो. शेवटची दहा मिनिटे मी उभ्याने काढली. तिकडे घोटीच्या मैदानावर आमचा एक ओळखीचा माणूस होता, त्याचा फोन आला. एक-एक बरोबरी. घोटी चौदा, आम्ही चौदा.

सगळे माझ्याकडे वळले. मी भिंतीकडे गेलो, मागून सत्तर-ऐंशी माणसे. आमच्या ओळीत गुण चौदा केले, केलेले गोल सोळा, खाल्लेले सात, फरक अधिक नऊ. घोटीचा अधिक सहा. आमच्या संघापुढे चार लिहिले. खडू खिशात टाकला आणि ढोल वाजला.

पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. गिरणीपासून बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत रस्ता भरला. निवृत्त सुभेदारसाहेब, जे एरवी खुर्चीतून उठताना दोघांची मदत घेतात, ते हात वर करून नाचत होते. गुलाल कुणी आणला कळले नाही. भावाला खांद्यावर घेतले होते आणि त्याचा दुखरा पाय एकाच्या छातीवर लोंबत होता. माझ्याजवळून जाताना तो वाकून म्हणाला, "दादा, अजून एक तरी मॅच मिळाली रे."

मग मोबाइलवर बाकीच्या मैदानांचे निकाल आले, तेही मी भिंतीवर भरले. ते आले की ताळा करायचा, ही माझी सवय. गटातल्या सगळ्या संघांनी केलेले गोल आणि सगळ्या संघांनी खाल्लेले गोल, या दोन बेरजा सारख्या यायला हव्यात, कारण एकाने केलेला गोल दुसऱ्याने खाल्लेला असतो. मी नोकरीत धरणाच्या पाण्याच्या पातळ्या नोंदवतो, तिथेही ताळा केल्याशिवाय सही करत नाही. एरवी भिंतीवर लिहिण्याआधी करतो. त्या दिवशी लोक थांबले होते म्हणून आधी लिहिले.

केलेले अठ्ठ्याण्णव. खाल्लेले त्र्याण्णव.

पुन्हा केली. तेच.

पाच म्हटल्यावर कोणते पाच ते शोधावे लागले नाही. त्याच आठवड्यात एका संघाने स्पर्धेतून माघार घेतली होती आणि त्याचे सगळे सामने रद्द झाल्याचे पत्र आले होते. आदल्या दिवशी, शनिवारी, मी भिंतीपाशी बसून प्रत्येक संघाचे त्या सामन्यातले गुण आणि गोल वजा केले. आम्ही त्यांना पाच-शून्य हरवले होते. आमची ओळ शेवटी ठेवली. तीन गुण वजा केले, तेवढ्यात भाऊ सुजलेला गुडघा धरून आला आणि मी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेलो. गोल वजा करायचे राहिले. ते विसरलो, की ते पाच खोडायचे जिवावर आले होते म्हणून आधी उठलो, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

आमचा खरा फरक अधिक चार. घोटीचा अधिक सहा. म्हणजे आम्ही पाचवे.

ढोल चालूच होता. गिरणीच्या काकूंनी माझ्या हातात पेढा ठेवला. "मास्तर, तोंड का असं? उन्हाने का?" फळ्यामुळे इथे सगळे मला मास्तर म्हणतात. काकू साठीच्या पुढे आहेत, यजमान तोफखान्यात होते, ते गेल्यावर गिरणी त्याच चालवतात. मी पेढा धरून उभा राहिलो.

एकच आशा होती. हंगामाच्या आधीच्या सभेत या वर्षी गुण समान झाले तर काय करायचे याचा नियम बदलला असे कुणीतरी म्हणाले होते. छापील नियमावली वाटली होती, मी ती घरी फाइलला लावली होती आणि ते पान वाचले नव्हते. तिथे कुणाकडे ती असण्याची शक्यता नव्हती. कुणाला विचारावे तर कारण सांगावे लागले असते. बायकोला फोन लावला. उचलला नाही. रविवारी त्या वेळी ती विहारात वंदनेला असते आणि मोबाइल पिशवीत.

मी कुणाला काही न सांगता स्कूटर काढली.

लॅम रोडने नाशिकरोड, तिथून द्वारका. द्वारकेचा सिग्नल तीनदा लाल झाला आणि तीनदा मी तिथेच होतो. उभ्या उभ्या बेरीज करत होतो. अठ्ठ्याण्णव वजा त्र्याण्णव. जणू ती बदलणार होती. शेजारच्या रिक्षावाल्याने विचारले, "काय काका, होळी आजच?" आरशात बघितले तर कपाळापासून कानापर्यंत गुलाल. माझ्या डोक्यात भाऊ अजून खांद्यावरच होता. त्याला उतरवायला कुणीतरी सांगायला हवे होते आणि ते मीच, एवढेच पुन्हा पुन्हा येत होते.

घरी फाइल सापडली, पान सापडले. गुण समान झाल्यास आधी त्या दोन संघांमधल्या सामन्याचा निकाल पाहावा. तो बरोबरीचा असल्यास गोलफरक.

घोटीला आम्ही त्यांच्याच मैदानावर एक-शून्य हरवले होते. त्या सामन्यात भावाने पेनल्टी अडवली होती, आणि गुडघा जास्त बिघडला तो त्याच उडीने.

मी ते वाक्य चार वेळा वाचले. मग पलंगावर बसलो, मग उठलो. आम्ही चौथेच होतो. फक्त मी लिहिलेल्या कारणाने नव्हतो.

बायको आली. गुलाल बघून म्हणाली, "झालं म्हणजे मनासारखं."

"झालं. पण भिंतीवर चूक आहे." मी सगळे सांगितले.

"मग गेलात ना तुम्ही प्लेऑफला? मग बसा, जेवा. फोन करून सांगा."

"फोनवरून भिंत पुसता येत नाही."

"उद्या पुसा."

"घोटीचं कुणी फोटो काढून घेऊन गेलं तर?"

तिने माझ्याकडे बघितले, पोळीचा डबा उघडला, एका पोळीत भाजी गुंडाळली आणि हातात दिली. "खात खात जाऊ नका. स्कूटर लावून खा आणि मग लिहा."

मी तसे केले नाही. पोळी डिकीतच राहिली. परत पोचलो तेव्हा ऊन चढले होते, नाचणे संपून लोक गिरणीच्या सावलीत मिसळ खात बसले होते. भाऊ बाकावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. मी थेट भिंतीकडे गेलो. ओल्या फडक्याने सोळा पुसून अकरा लिहिले, नऊ पुसून चार लिहिले.

मागे लोक मिसळीच्या प्लेटा ठेवून उठले. मला वाटले आकडा आधी नीट होऊ दे, मग वळून समजावू. अक्षर वाकडे आले म्हणून चार पुन्हा पुसून लिहिला. अर्धे मिनिट तरी गेले असेल त्यात.

सुभेदारसाहेबांचा आवाज आला. "घोटी सहा, आपण चार. म्हणजे आपण पाचवे?"

"पाच गोल खाल्ले कुणी?" काकू म्हणाल्या.

"मी," मी म्हणालो. "माघार घेतलेल्या संघावर केलेले होते. शनिवारी वजा करायला हवे होते."

"आयला," ढोलवाला म्हणाला. "लय वाजवला ओ मी."

मी वळलो तेव्हा भाऊ उभा होता. बर्फाची पिशवी खाली पडलेली. त्याने बाकाखालची किटची पिशवी ओढली, ग्लोव्हज बाहेर काढले, एकावर एक ठेवले आणि घड्याळात वेळ बघावी तसे त्यांच्याकडे बघितले. मग ते काखेत धरून तो घराच्या दिशेने चालू लागला. तो आणि भावजय राहतात ते आमचे जुने घर तिथून वीस पावले.

तेव्हा मला कळले की मी वाक्य उलट्या टोकाने सुरू केले आहे.

"थांब," मी म्हणालो. "आपण चौथेच आहोत." नियमावलीचे पान खिशातून काढून मोठ्याने वाचले. घोटीवरचा एक-शून्य सांगितला. पेनल्टी सांगितली.

कुणी ओरडले नाही. एकदा ओरडून झाले होते आणि आता लोक सावध झाले होते. सुभेदारसाहेबांनी पान हातात घेतले, चष्मा वर-खाली केला. "लिहिलंय खरं," ते म्हणाले. "पण मास्तर, जखमीला आधी सांगतात की जगशील. मग सांगतात गोळी कुठे लागली."

भाऊ परत आला. माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला.

"सकाळी मला उचललं होतं तेव्हा तुला माहीत होतं?"

"ताळा जुळत नाही हे तेव्हाच कळलं. नियम माहीत नव्हता."

"आणि तू निघून गेलास."

"खात्री करायला गेलो."

"दीड-दोन तास मी इथे हार घालून बसलो, दादा. मला सांगितलं असतंस तर मी उतरलो असतो. तू आल्यावर पुन्हा चढलो असतो. त्यात काय होतं?"

खात्री नसलेला आकडा कुणाला सांगायचा नाही, असे मी आयुष्यभर वागलो. पण सकाळी मी नेमका तसलाच आकडा सत्तर-ऐंशी जणांना सांगितला होता आणि खात्री करायची वेळ आली तेव्हा एकट्याने पळालो. हे त्याला सांगायला हवे होते. मी म्हणालो, "बर्फ लाव."

"वितळला," तो म्हणाला आणि बाकावर बसला. ग्लोव्हज त्याने पिशवीत टाकले नाहीत. मांडीवर ठेवले.

कुणीतरी दुसरा बर्फ आणला. मी भिंतीवर आमच्या ओळीशेजारी घोटीवरचा निकाल लहान अक्षरात लिहिला आणि खडू खिशात टाकला. सवयीने ढोलवाल्याकडे बघितले. त्याने टिपरू उचलले होते, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. काकूंकडे बघत होता.

"काकू, वाजवू का?"

काकूंनी पिठाचे हात पदराला पुसले, माझ्याकडून खडू मागून घेतला आणि भिंतीच्या कोपऱ्यात दोन्ही रकान्यांच्या बेरजा मांडायला लागल्या. त्या बोटांवर मोजतात, हळू. नऊ संघ, दोन रकाने. सगळे थांबले. मीही मनात मोजत होतो आणि तीन वेळा माझा आकडा मधेच सुटला. भावाने डोळे मिटले होते.

"त्र्याण्णव," काकू म्हणाल्या, आणि बऱ्याच वेळाने, "हेही त्र्याण्णव. वाजव."